पुन्हा पाहता येईल असे चित्र

पुण्याच्या पेठांत वाढलेल्या माणसाला जुन्या वस्तू पाहण्याची सवय फार लवकर लागते. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा त्याने शाळेच्या रांगेत उभे राहून पाहिलेला असतो, विश्रामबागवाड्याचा कोरीव लाकडी सज्जा येता-जाता डोळ्यांखालून गेलेला असतो, आणि परगावचे पाहुणे घरी आले की त्यांना घेऊन बाजीराव रस्त्यावरून नातूबागेत, राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाणे हे तर ठरलेलेच असते. दिनकर गंगाधर केळकर (१८९६ ते १९९०) ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला आणि १९७५ मध्ये तो शासनाच्या हाती सोपवला. दिवे, अडकित्ते, वज्री, दौती, कुलपे, पैठणची चित्रे, कोथरूडच्या वाड्यातून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल हे सारे मी इतक्या वेळा पाहिले आहे की कोणते कपाट कोठे आहे हे मला कोणालाही न विचारता सांगता येईल. एखादी वस्तू पुन्हा पाहावीशी वाटली तर दुपारी पायी जाऊन ती पाहता येते, हे सुख किती मोठे आहे याचा विचार मात्र माझ्या मनात पुष्कळ उशिरा आला, आणि तोही मुंबईत, आधुनिक चित्रांसमोर उभा असताना.

माझी आत्या नारायण पेठेतल्या एका शाळेत चित्रकला शिकवत असे. निवृत्तीपर्यंत तिच्या हाताखालून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांच्या पिढ्या गेल्या. स्थिरचित्रातल्या तांब्याचा लंबगोल नीट यावा, स्मरणचित्रातली माणसे एकाच दिशेला पाहत उभी राहू नयेत, यथार्थदर्शनात दूर जाणाऱ्या रेषा एका बिंदूत मिळाव्यात, हे तिने हजारदा सांगितले असेल. आधुनिक चित्रकलेविषयी तिला तिरस्कार नव्हता. तिला ती कधी नीट पाहायलाच मिळाली नव्हती. मासिकातल्या हाताएवढ्या छायाचित्रांवरून मत बनवणे तिला मान्य नव्हते, आणि बालगंधर्व कलादालनातले एखादे प्रदर्शन आवडले, चार दिवसांनी पुन्हा जावे म्हटले, तर तोवर भिंतींवर दुसऱ्याच कुणाची चित्रे लागलेली असत. २०१९ च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात सुधीर पटवर्धन यांच्या चित्रांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन सुरू झाले, तेव्हा तीच म्हणाली, “आपण जाऊ या. आपल्या पुण्यात जन्मलेला माणूस आहे, आणि डॉक्टर असून चित्रे काढतो म्हणतात.”

सकाळच्या डेक्कन क्वीनने उतरून आम्ही फोर्टमधून चालत निघालो. जुन्या शहराच्या मध्यात असलेल्या संग्रहालयाकडे पायी जाण्याला फार अर्थ आहे असे मला वाटते, कारण चित्रापर्यंत पोचण्याआधी डोळे कामाला लागलेले असतात. हुतात्मा चौक, काळा घोडा, जहांगीर कलादालन असे करत आपण रीगल सिनेमाच्या चौकात येतो, तेव्हा दगडी कमानी, गोलाकार कोपरे, पिंपळाने फोडलेल्या भिंती असे पुष्कळ काही पाहून झालेले असते. संग्रहालयाची इमारत म्हणजे सर कावसजी जहांगीर सार्वजनिक सभागृह. १९११ साली ती उभी राहिली. तिचा वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट. समोरचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि गेटवे ऑफ इंडिया हीदेखील त्याचीच कामे. या सभागृहात एके काळी जाहीर सभा भरत, पाश्चात्त्य संगीताच्या मैफली होत. पुढे त्याचा वापर मंदावला आणि चित्रकार-शिल्पकारांनी ते आधुनिक कलेसाठी मिळावे म्हणून नेट धरला. त्यात शिल्पकार पिलू पोचखानवाला यांचा वाटा मोठा होता. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि संग्रहालय सुरू झाले १९९६ मध्ये. ज्या दालनासाठी त्या झटल्या ते त्यांना पाहायला मिळाले नाही, ही गोष्ट मी त्या पायऱ्या चढताना प्रत्येक वेळी आठवतो.

आतली रचना बाहेरून मुळीच लक्षात येत नाही. बाहेर दगडी, भारदस्त अशी विसाव्या शतकाच्या आरंभीची इमारत, आणि आत जुन्या सभागृहाच्या पोकळीत एकावर एक चढवलेले अर्धवर्तुळाकार मजले, त्यांना जोडणारा जिना आणि सर्वांत वर घुमटाखालचे दालन. जुन्या वास्तूची कवची तशीच ठेवून आतून ती नव्या कामासाठी घडवण्याचे हे काम वास्तुरचनाकार रोमी खोसला यांचे. काही जणांना ही रचना अडचणीची वाटते, कारण मोठे चित्र पुरेसे लांबून पाहायला वक्र भिंत नेहमीच मोकळीक देते असे नाही. मला मात्र तिचा एक गुण फार मोलाचा वाटतो: वरच्या मजल्यावर चढताना मध्येच थांबून खाली पाहिले की थोड्या वेळापूर्वी ज्या चित्रासमोर आपण उभे होतो ते दुरून, वरून, अनोळखी माणसांच्या गर्दीत दिसते. एकच चित्र एका फेरीत दोन-तीन वेळा भेटते. आत्या जिना सावकाश चढत होती, त्यामुळे आमची ही भेट इतरांपेक्षा अधिक वेळा झाली.

सुधीर पटवर्धन यांचा जन्म १९४९ चा, पुण्यातला. येथील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले, १९७३ मध्ये मुंबईला गेले आणि पुढे तीस वर्षे त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले. दिवसभर माणसाच्या शरीराच्या आतल्या छाया पाहणारा हा डॉक्टर उरलेल्या वेळात त्याच माणसांची बाहेरची रूपे रंगवत होता. त्याचे इराणी उपाहारगृहातले गिऱ्हाईक, रेल्वेच्या पुलावरचे प्रवासी, बांधकामावरचे मजूर, चाळीच्या आणि गिरणीच्या आसपास वावरणारी माणसे यांत कोणी शोभेसाठी उभा केलेला नाही. सुरुवातीच्या चित्रांतली शरीरे जड, ठोकळ, हातापायांनी मोठी आहेत. पुढे माणसे लहान होत जातात आणि शहर मोठे होत जाते.

शहराच्या त्या मोठ्या चित्रांपैकी एकासमोर आत्या बराच वेळ उभी राहिली. मला वाटले, ती थकली असावी. पण ती हवेत बोट धरून रेषा मोजत होती. “इथे डोळ्याची पातळी एक नाहीच,” ती म्हणाली. “हा रस्ता वरून पाहिलेला आहे, ही भिंत समोरून, आणि हा कोपरा तर चालता चालता मान वळवून पाहावा तसा. मी मुलांचे असे चित्र परत दिले असते.” मग थोडे थांबून म्हणाली, “पण रस्त्यात आपण एका जागी खिळून थोडेच उभे असतो.” आधुनिक चित्रकलेवर मी जे काही वाचले आहे त्यात इतके नेमके वाक्य मला क्वचितच सापडले. ती जे बोलली ते तिच्या चाळीस मिनिटांच्या तासिकांतून आलेले होते. नियम हाडीमाशी मुरलेल्या माणसालाच तो जाणूनबुजून सोडलेला ओळखता येतो, आणि का सोडला असेल हेही त्यालाच आधी कळते. आधुनिक कला समजायला काही वेगळीच बुद्धी लागते, ही जी समजूत आपल्याकडे पसरली आहे ती मला म्हणूनच खोटी वाटते. चित्रकलेच्या साध्या शालेय शिक्षणातून आलेले भांडवलही पुरते. लागतो तो वेळ.

प्रदर्शन संपण्याआधी आम्ही पुन्हा गेलो, आणि आजचा हा लेख खरे तर त्या पुन्हा जाण्याविषयी आहे. या वेळी आत्या पाट्या वाचत बसली नाही. आधी तिला मुळीच न आवडलेल्या एका चित्राकडे, एका बसक्या, जाड हातांच्या माणसाच्या चित्राकडे, ती सरळ गेली. “त्या दिवशी हा मला ओबडधोबड वाटला होता,” ती म्हणाली. “आज दमलेला वाटतो आहे.” चित्र तेच होते, भिंत तीच होती. मधल्या दिवसांत तिने मंडईतल्या हमालांचे, पीएमपीच्या थांब्यावर बसलेल्यांचे, आमच्या वाड्याच्या जागी चाललेल्या बांधकामावरच्या माणसांचे खांदे पाहिले होते, आणि ते पाहणे तिने आपल्याबरोबर आणले होते. पहिल्या भेटीत चित्र आपल्याला काही दाखवते. नंतर आपण त्या दाखवण्याने बदललेले डोळे घेऊन शहरात वावरतो, आणि दुसऱ्या भेटीत त्या वावराचा हिशेब लागतो. मधला हा काळ मिळाला नाही तर आधुनिक चित्राशी ओळख अर्धीच राहते.

वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. १९२४ साली नागपुरात जन्मलेला, गिरगावच्या चाळीत वाढलेला, जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेला हा चित्रकार १९७० च्या दशकात दिल्लीला गेला आणि फार थोडी चित्रे करत राहिला. वर्षाकाठी मोजकीच. रूळ फिरवून आणि रंगपट्टीची सुरी वापरून तो रंगाचे थर चढवी, काढी, पुन्हा चढवी, आणि त्या थरांतून उभ्या कॅनव्हासवर एकाच रंगाच्या आत दहा रंग जागे होत. गायतोंडे यांचे चित्र छायाचित्रात जवळजवळ नाहीसे होते. मोबाइलच्या पडद्यावर ते पिवळा किंवा राखाडी चौकोन एवढेच उरते. प्रत्यक्षात त्याच्यासमोर पहिली काही मिनिटे काहीच घडत नाही, मग डोळे स्थिरावतात आणि खालचा थर हळूहळू वर येऊ लागतो. पुढे २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले, तेव्हा जगभरातून लोक ते पाहायला गेले. नागपूरच्या, पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या कलाविद्यार्थ्याला मात्र गायतोंडे पाहायचे तर ठरवून, खर्च करून, सुट्टी काढून जावे लागते, आणि ज्या दिवशी तो जाईल त्या दिवशी ते चित्र भिंतीवर असेलच असे नाही. १९४७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिक चित्रकारांच्या गटातले हुसेन पंढरपूरचे आणि गाडे अमरावतीकडचे. या मातीतून उठलेली ही चित्रकला या मातीतल्या बहुतेकांनी फक्त छापील पाहिली आहे, याची मला मनापासून खंत वाटते.

‘सामान्य माणसाला अमूर्त चित्रे कळत नाहीत’ हे वाक्य पुण्यात मी फार ऐकले आहे, आणि ते ऐकले की मला याच शहराचे कान आठवतात. यमनाचा अर्थ काय, असे पुण्यात कोणी विचारत नाही. आलाप कशाचे चित्र आहे, तानेत कोणती वस्तू ओळखायची, असेही कोणी विचारत नाही, आणि तरीही रात्र रात्र बसून ऐकणारे लोक या शहरात हजारोंनी आहेत. याचे कारण पुणेकर जन्मतःच रसिक असतो हे नाही. १८७४ मध्ये येथे पूना गायन समाज स्थापन झाला. १९५३ पासून पंडित भीमसेन जोशी यांनी सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव भरतो आहे. गणेशोत्सवातल्या मंडपांत, वाड्यांच्या चौकांत, शाळांच्या सभागृहांत चार-पाच पिढ्यांनी तेच राग पुन्हा पुन्हा ऐकले, स्वस्तात किंवा फुकट ऐकले, घरापासून चालत जाऊन ऐकले. संगीताइतकी अमूर्त कला दुसरी नाही, आणि तिच्यापाशी हे शहर निर्धास्तपणे बसते, कारण तिच्याशी त्याची शंभर वर्षांची ये-जा आहे. पुस्तकांचेही तसेच: पुणे नगर वाचन मंदिराची सुरुवात १८४८ ची, आणि तीही शहराच्या मध्यात, बुधवार पेठेत. कान आणि वाचणारा डोळा यांची ज्या शहराने इतकी निगा राखली, त्याने चित्र पाहणाऱ्या डोळ्याला मात्र मोजक्या दिवसांच्या प्रदर्शनांवर ठेवले आहे.

चित्र पुण्याला परके होते असे म्हणावे तर इतिहास तसे सांगत नाही. १७९० च्या दशकात पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या खटपटीने शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाल्याची नोंद आहे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार तेव्हा पुण्यात होता. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे त्याने केलेले चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. त्या वर्तुळातला खरा विलक्षण माणूस म्हणजे गंगाराम चिंतामण तांबट. तांबटाच्या घराण्यातल्या या पुणेकराने मॅलेटसाठी वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली, पेशव्यांच्या पदरी असलेला गेंडा काढला, आणि जे पाहिले ते कागदावर उतरवण्याची एक नवी रीत आत्मसात केली. त्या काळापुरती ती आधुनिक चित्रकलाच होती. त्याची रेखाटने आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. ती तिथे नीट जपली गेली याबद्दल कृतज्ञता वाटावी असेच ते काम आहे, कारण येथे शनिवारवाडा १८२८ च्या आगीत आणि बुधवारवाडा १८७९ च्या आगीत गेला. तरीही तांबट आळीतून जाणाऱ्या एखाद्या मुलीला गंगारामाचे नाव ठाऊक नसावे आणि त्याच्या गेंड्याची चांगली प्रतही पाहायला मिळू नये, हे मला सोसवत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७८ मध्ये सुरू केलेल्या चित्रशाळेने शिळाछापाची रंगीत चित्रे घरोघर पोचवली. तो धागा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत आणून एका ठिकाणी, पुण्याच्याच पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्यातल्या कायमच्या दालनात, मांडलेला मला पाहायचा आहे.

हे अशक्य नाही, याचा पुरावा औंधला आहे. साताऱ्याच्या बाजूच्या त्या छोट्या गावात, यमाईच्या डोंगरावर, स्वतः चित्रकार असलेल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये संग्रहालय उघडले. तिथे राजा रविवर्मा आहेत, बाबूराव पेंटर आहेत, आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे ‘माता आणि मूल’ हे शिल्पही आहे. एका लहान संस्थानाच्या अधिपतीला त्या काळातले आधुनिक शिल्प आपल्या रयतेसमोर ठेवावेसे वाटले. आत्याला मी तिथे नेले तेव्हा त्या शिल्पाशेजारी शेजारच्या गावातली शाळकरी मुले उभी होती आणि त्यांचे गुरुजी त्यांना आई कोठे संपते आणि मूल कोठे सुरू होते ते शोधायला सांगत होते. मुलांनी ते शोधले. पटवर्धन यांनीही २००८-०९ मध्ये समकालीन चित्रांचे एक फिरते प्रदर्शन महाराष्ट्रातील शहरांत नेले होते. चित्र मुंबईपुरते राहू नये, ही तळमळ त्यामागे होती. फिरते प्रदर्शन येते आणि जाते. औंध मात्र जागेवर आहे, आणि म्हणूनच गुरुजींना दरवर्षी नव्या मुलांना घेऊन जाता येते.

पेठेतल्या वाड्यात चित्रे टांगणे म्हणजे खिळे ठोकणे नव्हे, याची मला जाणीव आहे. मातीच्या आणि चुन्याच्या भिंती पावसाळ्यात ओल ओढतात, लाकडी माळवदाला आगीचे भय असते, आणि तैलरंगाच्या कॅनव्हासला हवेतील आर्द्रता साधारण ५० टक्क्यांच्या आसपास, फार न हलता, राहावी लागते. कागदावरच्या चित्रांना ५० लक्सच्या वर उजेड सोसत नाही आणि तीही काही महिन्यांनी विश्रांतीला ठेवावी लागतात. तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत चालते. मागे कोठार लागते, जतनतज्ज्ञ लागतो, विमा लागतो. हे सारे खर्चाचे आहे, आणि जुन्या वास्तूत नव्या वास्तूपेक्षा अधिक खर्चाचे आहे. जहांगीर सभागृहाच्या नूतनीकरणालाही अनेक वर्षे लागली होती. पण ज्या पेठांत रोज वाडे उतरवले जात आहेत तिथे एक वाडा या कामासाठी वाचला, तर वाडाही राहील आणि चित्रेही राहतील. नव्या, दूरच्या उपनगरात चकचकीत इमारत बांधण्यापेक्षा मला हे अधिक योग्य वाटते, कारण तिथे माणूस वर्षातून एकदा सहलीला जातो आणि पेठेत तो येता-जाता डोकावतो.

ते दालन मोठे असण्याची गरज नाही. तीस-चाळीस चित्रे पुरेत, पण त्यांतली निम्मी तरी वर्षानुवर्षे त्याच जागी असावीत, म्हणजे एखाद्या मैत्रिणीला ‘त्या कोपऱ्यातले पिवळे चित्र’ असे सांगता यावे आणि तिला ते सापडावे. प्रत्येक मोठ्या चित्रासमोर पाठीला टेकता येईल असे बाक असावे. पाट्या स्वच्छ, वाचनीय मराठीत असाव्यात, आणि चित्रकाराने काय सांगितले आहे याचा निबंध त्यांवर नसावा; रंग कोणता, वर्ष कोणते, कोठे काढले, एवढे आत्याला पुरते, मलाही पुरते. शालेय मुलांना आणि चित्रकलेच्या शिक्षकांना तिकीट नसावे. दालन संध्याकाळी कार्यालये सुटल्यावरही उघडे असावे, रात्री आठपर्यंत तरी, म्हणजे मंडईतून भाजी घेऊन निघालेल्या माणसाला पिशवी दाराशी ठेवून दहा मिनिटे एकाच चित्रासमोर बसता येईल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येता येईल.